वार पिवळ्या पिशवीत टाकायच्या आधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीची. ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बहुतेक लेबर रूममध्येच गेली, आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. तुमच्या पेपरात आरोग्याच्या पानावर गरोदर बाईनं काय खावं, बीपी-शुगर कशी सांभाळावी यावर नेहमी काही ना काही येतं आणि मी ते सगळं वाचते, पण बाळ ज्याच्या जिवावर नऊ महिने पोटात राहतं त्या वारेबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. वार म्हणजे प्लासेंटा, बाळ झाल्यावर मागनं पडते ती. त्यातनं अंगानं जाड असलेल्या बायकांच्या वारेत काय होतं हा विषय तर आपल्याकडं कुणी काढतच नाही, बाईला मात्र येताजाता जाड म्हणतात. पत्र लांब झालंय पण एकदा पूर्ण वाचा ही विनंती.

गेल्या वर्षी माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण झालं. तिची उंची पाच फूट एक इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ८० किलो. पहिल्या व्हिजिटपासून शेवटपर्यंत तिनं एकच वाक्य ऐकलं, वजन बघितलंय का स्वतःचं. काट्यावर उभी राहिली की बोलणं, सोनोग्राफीच्या टेबलावर झोपली की बोलणं, चरबीमुळं बाळ नीट दिसत नाही म्हणून परत बोलणं. पण वजन जास्त असलं की नक्की कुठं काय बिघडतं आणि तिनं करायचं काय, हे कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं नाही. पहिल्या भेटीत शुगरची टेस्ट करायला पाहिजे होती तीही झाली नाही, सातव्या महिन्यात शुगर निघाली, नंतर पायावर सूज, बीपी वर, आणि शेवटी सिझर. बाळ ३ किलो ९०० ग्रॅमचं. बघायला आलेले सगळे म्हणाले वा काय गुटगुटीत आहे, आणि दोन तासांत त्या गुटगुटीत बाळाची शुगर खाली गेली म्हणून त्याला दोन दिवस काचेत ठेवलं.

संध्याकाळी मी तिथल्या सिस्टरला विचारलं, वार कशी होती, वजन केलं का, तपासायला पाठवली का. ती म्हणाली, मावशी, ती केव्हाच पिशवीत गेली. पिवळ्या पिशवीत म्हणजे. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमाप्रमाणं वार पिवळ्या पिशवीतच जाते आणि तिथनं जाळायला, ती पोरगी नियमानंच वागली होती आणि मी स्वतः ३१ वर्षं हेच केलेलं आहे, त्यामुळं तिला काय बोलणार. हॉस्पिटलचं नावही इथं घेत नाही, कारण सगळीकडं हेच चालतं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. नऊ महिने त्या पोरीच्या शरीरात काय चाललं होतं याचा सगळ्यात मोठा पुरावा त्या पिशवीत गेला आणि तो कुणीही बघितला नाही असं मला वाटत राहिलं.

आमचं माहेर पलूसकडचं. गोठ्यात म्हैस व्याली की माझे वडील वार पडेपर्यंत जागेवरनं उठायचे नाहीत, पडली की काठीनं पसरून पूर्ण आहे का बघायचे, मगच हात धुवून चहा घ्यायचे. सकाळी शेजारचा यायचा त्याचा पहिला प्रश्न, वार पडली का. घरात बाळंतीण असली तरी आजी वार बघून मगच परसात पुरायची, आपण अजून म्हणतोच की माझी नाळ इथं पुरलीय. आता दवाखान्यातच बाळंतपणं होतात, ते चांगलंच आहे, कितीतरी जीव वाचले त्यानं, पण घरच्या माणसांची आणि वारेची ओळख मात्र पूर्ण सुटली.

स्टुडंट नर्सेस यायच्या तेव्हा मी वार ट्रेमध्ये पसरून धुऊन दाखवायची. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलोची भरते, ताटलीएवढी गोल, आईच्या बाजूला १५ ते २० फुगवटे असतात, त्यातला एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही म्हणून ते मोजून बघायचे. बाळाच्या बाजूला चकचकीत पडदा आणि मधोमध नाळ. त्या फुगवट्यांच्या आत झाडाच्या फांद्यांसारखे बारीक बारीक फाटे असतात, बाळाचं रक्त त्या फाट्यांच्या आतून फिरतं आणि आईचं रक्त बाहेरून त्यांना न्हाऊ घालतं, दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. सगळे फाटे उलगडून पसरले तर दहा बाय बाराच्या खोलीची फरशी झाकेल एवढा पृष्ठभाग होतो. शेवटच्या महिन्यात गर्भाशयाकडं मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं. एवढं मोठं काम करणारा हा अवयव, आणि बनतो कशापासून, तर बहुतांशी बाळाच्याच पेशींपासून. म्हणजे आईच्या शरीराच्या हिशोबानं निम्मा परकाच.

परका असून आईचं शरीर त्याला हाकलून का लावत नाही, हे मला नोकरीत असताना कधी नीट कळलं नव्हतं. माझी भाची मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते, सुनेच्या बाळंतपणानंतर मी तिच्या मागंच लागले, दर रविवारी दुपारी ती काय काय शोधून आणायची आणि आम्ही दोघी वाचत बसायचो. त्यातलं जे मला पक्कं समजलं तेवढंच लिहिते.

गर्भाशयाच्या अस्तरात पहिल्या तीन महिन्यांत आईच्या पांढऱ्या पेशी गर्दी करून असतात, त्यातल्या साधारण ७० टक्के एकाच जातीच्या. त्यांचं नाव नॅचरल किलर, पण इथं त्या कुणाला मारत नाहीत. वारेच्या पेशींना हाताशी धरून त्या आईच्या बारीक पिळदार रक्तवाहिन्या रुंद आणि सैल करून देतात, म्हणजे पुढं बाळाला भरपूर रक्त मिळावं. पाटाला पाणी सोडायच्या आधी पाट रुंद करून घेतात तसं. हे काम अर्धवट राहिलं तर पुढं बीपी वाढणं, बाळाची वाढ खुंटणं असल्या तक्रारी येतात. त्यांच्या जोडीला मॅक्रोफेज असतात, मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करणाऱ्या, आणि काही टी पेशी अशा असतात की ज्या बाकीच्यांना शांत ठेवतात, भांडण होऊ देत नाहीत. हे झालं आईच्या बाजूचं. बाळाच्या बाजूला, त्या फाट्यांच्या आत, बाळाचे स्वतःचे मॅक्रोफेज असतात, त्यांना हॉफबाउर पेशी म्हणतात, शंभरेक वर्षांपूर्वी त्यांचं वर्णन करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरनं. ह्या पेशी पहिल्या महिन्यातच दिसायला लागतात आणि बाळंतपणापर्यंत राहतात, जंतूंपासून राखण करतात, रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत करतात. म्हणजे एकाच अवयवात आईचा पहारा आणि बाळाचा पहारा, दोन्ही आमनेसामने, मध्ये एक पातळसा थर, आणि दोघांत नऊ महिने समेट. मी हे वाचलं तेव्हा खरं सांगते अंगावर काटा आला, हजारो वेळा ती हातात धरली होती आणि आत काय आहे माहीत नव्हतं.

आता वजनाचं. आपण चरबी म्हणजे गोणीत भरून ठेवलेलं धान्य समजतो, पडून राहिलेलं. तसं नाही. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांवर काम करताना सापडलं की चरबीतनं टीएनएफ नावाचं सूज आणणारं रसायन बाहेर पडतं, आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन टीमनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की वजन वाढतं तसे चरबीत मॅक्रोफेज येऊन बसतात. चरबीच्या पेशी फुगत जातात, काहींना प्राणवायू पुरत नाही, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती ह्या गिळणाऱ्या पेशी कडं करून बसतात आणि रसायनं सोडत राहतात. ताप नाही, दुखणं नाही, बाईला काही जाणवत नाही, पण आत राखेखालच्या विस्तवासारखं सारखं धुमसत असतं. रक्तात सीआरपी थोडं वर, आयएल-६ थोडं वर, ह्या दोन्ही आतल्या सुजेच्या खुणा. आणि अशा शरीरात दिवस राहतात.

तसं गरोदरपणातही शेवटच्या महिन्यांत प्रत्येकच बाईच्या अंगात थोडी सूज आणि इन्सुलिनला थोडा विरोध वाढतोच, ती निसर्गाची सोय आहे बाळाला साखर मिळावी म्हणून. जाड बाईत ते आधीच असतं, त्यात हे वरनं. २००८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात लठ्ठ बायकांच्या वारेत मॅक्रोफेज सडपातळ बायकांच्या दुप्पट-तिप्पट निघाले आणि ते टीएनएफ, आयएल-६ असल्या रसायनांनी भरलेले होते. नंतर दुसऱ्यांनी बघितलं तर सगळीकडं हाच आकडा आला नाही, कुणाला मॅक्रोफेजऐवजी दुसऱ्याच पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, जास्त दिसल्या, कुणाला संख्या तेवढीच पण पेशींचा स्वभाव बदललेला दिसला. म्हणजे गोष्ट एवढी सरळ नाही आणि मी ती सरळ करून सांगणार नाही. अजून एक आहे, विलायटिस, त्यात आईच्या टी पेशी समेट मोडून बाळाच्या फाट्यांत घुसतात, कुठलाही जंतू सापडत नाही तरी सूज असते. पूर्ण दिवसांच्या तपासलेल्या वारेत १०० मागं ५ ते १५ मध्ये हे दिसतं आणि लठ्ठ बायकांत त्याचं प्रमाण जास्त.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. आईच्या रक्तातली ही सुजेची रसायनं बहुतेक करून आरपार बाळात जात नाहीत, वार मध्ये अडवते. पण अडवताना ती स्वतः बदलते. टीएनएफ, आयएल-६ यांच्या सांगण्यावरनं वारेच्या पेशी बाळाकडं अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, जास्त सोडायला लागतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय, आणि आईची साखर जास्त असेल तर तीही जाते, चरबीही जाते. बाळाला गरज असो नसो, दार उघडंच. मग बाळ ३ किलो ९०० चं होतं आणि जन्मल्यावर नाळ तुटते, साखर अचानक बंद होते, बाळाचं इन्सुलिन मात्र चढलेलंच असतं, आणि त्याची शुगर कोसळते. आमच्या बाळाचं हेच झालं. सुनेला वाटत होतं तिनं पेढे खाल्ले म्हणून झालं. तिचं रडणं मी बघितलंय. मी तिला हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, आई, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं.

आणि मी तरी कुठं सांगितलं. त्या नऊ महिन्यांत तिचं १७ किलो वाढलं, त्यात माझ्या डिंकाच्या लाडवांचा वाटा आहे, खा गं दोन जिवांची आहेस हे मीच म्हणत होते. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, तो ३० च्या वर असेल तर पूर्ण गरोदरपणात ५ ते ९ किलोच वाढावं असं अमेरिकेतल्या २००९ च्या मार्गदर्शनात आहे, सडपातळ बाईला जे ११-१२ ते १६ चालतं ते हिला चालत नाही. नर्स असून मी घरात सासू झाले, हे मनाला लागून राहिलंय. ज्यांच्या घरात आत्ता गरोदर सून-मुलगी आहे त्यांनी माझी चूक करू नये म्हणून लिहिते. पण याचा अर्थ गरोदरपणात उपाशी राहून वजन उतरवा असा अजिबात नाही, तसं कुणी करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

दुसरं म्हणजे आपल्याकडं जाड कुणाला म्हणायचं हाच घोळ आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवलाय. त्यात दिसलं की आपलं बाळ सरासरी २ किलो ७०० च्या आसपास, विलायतेतलं साडेतीन किलोचं, पण आपल्या बाळात कमी पडतात ते स्नायू आणि अवयव, चरबी मात्र त्या मानानं राखलेली असते. बारीक दिसतं पण आतनं चरबीचं. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्लिश डॉक्टरांचा जोडफोटो छापला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण इंग्लिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेघ खाली ओढलेली आहे, २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठ. दीडशे सेंटिमीटर उंचीची, ५८ किलोची बाई आपल्या डोळ्याला चांगली अंगापिंडानं भरलेली दिसते, तिचा बीएमआय २५ च्या वर जातो. तिला कुणी जाड म्हणत नाही आणि तिची शुगरही कुणी लवकर बघत नाही. माझ्या सुनेला दिसेल त्यानं बोललं, हिच्याकडं कुणाचं लक्षच नाही, नुकसान दोघींचं.

तासगाव, जत, कवठेमहांकाळकडनं येणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघितल्यात. पूर्वी हाडं वर आलेली, रक्त कमी, सातव्या महिन्यात ४० किलो. आता त्याच ओपीडीत एकीकडं रक्त कमी असलेली आणि तिच्या शेजारी बाकावर ८५ किलोची, आणि कधी कधी ८५ किलोचीचंच हिमोग्लोबिन ८. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा जास्त निघाला, त्याच्या आधीच्या पाहणीत तो आकडा २०.६ होता, आणि त्याच नव्या पाहणीत गरोदर बायकांतल्या ५२ टक्क्यांना रक्तक्षय. खाणं भरपूर झालंय पण कसलं झालंय, चहा-बिस्किट, फरसाण, वडापाव, सणाला तळण, आणि शेतातलं चालणं-वाकणं मात्र ट्रॅक्टरनं आणि गाडीनं संपवलं.

वजन उतरवायचंच तर ते दिवस राहायच्या आधी. याचं कारणही वारेतच आहे. ब्रिटनमध्ये १,५५५ लठ्ठ गरोदर बायकांवर एक मोठा प्रयोग झाला, निम्म्यांना आहार-व्यायामाचं व्यवस्थित मार्गदर्शन दिलं, निम्म्यांना नेहमीचंच. २०१५ मध्ये निकाल आला. मार्गदर्शन मिळालेल्यांचं वजन थोडं कमी वाढलं, पण गरोदरपणातली शुगर कमी झाली नाही आणि मोठी बाळं होणंही कमी झालं नाही. संशोधकांचं म्हणणं असं की वारेची घडण, तिचा रक्तपुरवठा, तिचा स्वभाव पहिल्या तीन महिन्यांतच ठरत जातो आणि आपण बाईला धरून सांगायला सुरुवात करतो चौथ्या-पाचव्या महिन्यात. आमच्याकडं तर बऱ्याच जणी नाव नोंदवायलाच तेव्हा येतात. मग सातव्या महिन्यात काट्यावर उभी करून बोलून उपयोग काय, घराचा पाया तर कधीच घालून झाला. लग्न ठरल्यावर आपण पार्लरला, शालूला महिनोन्महिने देतो, तेव्हाच एकदा वजन, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्यायला काय हरकत आहे. आणि पहिल्या बाळानंतर दुसऱ्याचा विचार करताना तर नक्कीच.

दिवस राहिल्यावरही करण्यासारखं नाही असं नाही. सरकारच्या नियमातच आहे की पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघायची, १४० किंवा वर आली तर ती गरोदरपणातली शुगर धरायची, नॉर्मल आली तर २४ ते २८ आठवड्यांत परत करायची. उपाशीपोटी यायची अटसुद्धा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, तिथं मागून घ्या. बीपीचा धोका असेल तर डॉक्टर कमी डोसची ॲस्पिरिन लवकर सुरू करतात, ती त्यांनी सांगितली तरच घ्यायची, शेजारणीची गोळी नाही. अमेरिकेत एका छोट्या प्रयोगात जादा वजनाच्या गरोदर बायकांना ओमेगा-३, म्हणजे माशांत-जवसात असते ती चरबी, दिल्यावर वारेतली सुजेची लक्षणं कमी झालेली दिसली, पण छोट्या प्रयोगावरनं उठून मेडिकलमधनं कॅप्सूलचा डबा आणू नका, आपली जवस-कारळ्याची चटणी जेवणात असू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

आता माझी खरी मागणी, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. वार न बघता टाकू नका.

प्रत्येक वार सूक्ष्मदर्शकाखाली जावी असं मी म्हणत नाही, तेवढे पॅथॉलॉजिस्ट आपल्याकडं नाहीत आणि गरजही नाही. पण प्रत्येक वारेचं वजन व्हावं, दोन्ही बाजू बघाव्यात, नाळ कुठं चिकटलीय, किती जाड आहे, पांढरे घट्ट डाग आहेत का, रक्ताची गाठ आहे का हे केसपेपरवर दोन ओळींत लिहावं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलंच आहे, गर्दीत मागं पडतं, पेपरवर फक्त पूर्ण पडली एवढं लिहिलं जातं. आणि जिथं आईचं वजन जास्त असून शुगर किंवा बीपी पण आहे, बाळ फार मोठं किंवा फार लहान आहे, आधीच जन्मलंय, काचेत गेलंय, किंवा देव न करो पण पोटातच गेलंय, तिथली वार फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या औषधी पाण्यात, घालून पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. मोठं तोंड असलेला प्लास्टिकचा डबा आणि फॉर्मालिन, एवढंच लागतं. नातेवाइकांना विचारा, खर्च सांगा, पण विचारा तरी. आम्हाला कुणी विचारलं नाही.

त्यातनं काय मिळणार असं कुणी म्हणेल. रिपोर्ट आला म्हणून त्या बाळाच्या शुगरचे उपचार बदलले नसते, हे मला माहीत आहे. वारेतल्या सुजेवर आज औषधही नाही. पण विलायटिस निघाली असती तर काही बायकांत ती पुढच्या खेपेला परत होते हे आम्हाला कळलं असतं, रक्तवाहिन्या अरुंद राहिलेल्या दिसल्या असत्या तर पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासनं बीपीवर नजर ठेवता आली असती. आणि काहीच निघालं नसतं तरी त्या पोरीला कळलं असतं की तिची वार चांगली होती. ते समाधान लहान नाही हो, बाळ गमावलेल्या बाईला तर अजिबात लहान नाही. मी अशा कितीतरी जणी बघितल्यात की वीस-वीस वर्षं एकच विचारत राहतात, माझ्याकडनं काय चुकलं, आणि उत्तर त्या पिशवीत गेलेलं असतं.

भाचीनं अजून एक वाचून दाखवलं. बाळाच्या मेंदूत राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात, मायक्रोग्लिया, त्या आणि वारेतल्या सुरुवातीच्या हॉफबाउर पेशी एकाच ठिकाणाहून येतात, गर्भ अगदी सुरुवातीचा असताना त्याच्या शेजारी जी पिशवी असते तिथनं. बोस्टनमधल्या संशोधकांनी लठ्ठ उंदरिणींच्या पिल्लांत बघितलं तर वारेतल्या ह्या पेशी आणि मेंदूतल्या त्या पेशी सुजेच्या बाबतीत सारख्याच वागताना दिसल्या. उंदरांचं माणसाला लगेच लावायचं नाही आणि जाड आईच्या बाळाच्या मेंदूला काही होतंच असा अर्थ कुणी काढू नका, कृपा करून कुणी त्या बायकांना आता ह्यानं घाबरवू नका. पण जिवंत बाळाचा मेंदू कुणी उघडून बघू शकत नाही, आणि वार मात्र आपसूक हातात येते, कुणाला न दुखवता, आणि आपण ती टाकून देतो.

मिरजेला १८९४ पासून मोठा दवाखाना आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कर्नाटकातनं लोक इथं इलाजाला येतात. पॅथॉलॉजी आहे, शिकणारी मुलं आहेत, बाळंतपणं रोजची आहेत. आपल्या कृष्णाकाठच्या बायकांच्या वारेचा आपल्याच इथं नीट अभ्यास व्हावा, वजन, शुगर, रक्तक्षय सगळं एकत्र धरून, कारण अमेरिकेतली लठ्ठ बाई आणि आपली भाकरी-चहावरची, रक्त कमी असलेली लठ्ठ बाई एक नाही. तिकडचे आकडे इथं जसेच्या तसे लागणार नाहीत. ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्यापर्यंत तुमच्या पेपरातनं हे पोचावं.

आणि लेबर रूममधल्या माझ्या मुलींना, सिस्टरांना एवढंच सांगणं, टेबलावरच्या बाईला वजनावरनं बोलू नका गं. तिला माहीत असतं ते. बोलल्यानं ती पुढच्या व्हिजिटला येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि न आलेल्या बाईची शुगर कोण बघणार.

संपादक साहेब, जमलं तर मिरज-सांगलीतल्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टना वारेवर लिहायला सांगा, चांगला अर्धं पान लेख, फोटोसकट. घाण वाटेल म्हणून फोटो गाळू नका. सुनेचं बाळ आता चौदा महिन्यांचं आहे, घरभर पळतंय. दुसऱ्याचा विचार अजून दोन वर्षांनी करायचा असं त्या दोघांनी ठरवलंय, तोवर ती रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटाकडं चालायला जाते आणि मी तिच्याबरोबर जाते, आत्तापर्यंत तिचं सहा किलो उतरलंय. दुसऱ्या वेळी आम्ही डबा घरनंच घेऊन जाणार आहोत.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स,
सांगली